‘तास छान झाला’ : एक चिंतनवही, वर्षभर वापरून

गेल्या शैक्षणिक वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात स्टाफरूममध्ये पाच खोकी येऊन पडली. आत वह्या. शिक्षकांसाठी गडद निळ्या, विद्यार्थ्यांसाठी फिकट हिरव्या. मुखपृष्ठावर आरसा आणि आरशात एक मोठा डोळा. सोबत एक दिवसाचं प्रशिक्षण आणि मोबाइलवर टाकायचं ॲप. माध्यमिकच्या शिक्षकांनी आणि मुलांनी आपल्या शिकवण्या-शिकण्याकडे अधूनमधून मागे वळून बघावं, यासाठी केलेला हा संच.

मी नववीला गणित शिकवते आणि एका तुकडीची वर्गशिक्षिका आहे. वर्गात ४२ मुलं. म्हणजे माझ्या वाट्याला एक निळी वही आणि ४२ हिरव्या वह्या. वर्ष संपलं, वह्या भरल्या, काही मनापासून, काही तोंडदेखल्या. आता ओळखीतल्या दोघीतिघींनी विचारलं, ‘आमच्या शाळेत घ्यायचं चाललंय, घ्यावी का?’ त्यांना फोनवर तुकड्यातुकड्यांत सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून टाकते. संच कुणाचा ते लिहीत नाही. ज्यांना असली वही घ्यायची आहे त्यांना कंपनीच्या नावापेक्षा आत काय असावं आणि काय नसावं हे कळलं तर जास्त उपयोग.

आधी वस्तू म्हणून. बांधणी तारेची आहे, वही सपाट उघडते, हे बरं. पण डावखुऱ्या मुलांचा हात सतत तारेवर घासतो आणि माझ्या वर्गात अशी चार मुलं आहेत. कागद पातळ. जेल पेननं लिहिलं की मागच्या पानावर उमटतं, त्यामुळे निम्म्या वर्गानं एक बाजू कोरी ठेवली. दर पानाच्या वर सात चेहरे छापलेत, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत, आणि ‘आज तुला कसं वाटलं? गोल कर.’ चौदा वर्षांच्या मुलांना. पहिल्याच दिवशी मागून आवाज आला, “बाई, बालवाडीच्या वह्या आल्या का चुकून?” मी हसू दाबलं. खरं तर त्याच्याशी सहमत होते.

प्रशिक्षणाबद्दल फार लिहायला नको. माणूस बोलका होता, तयारी चांगली होती. पडद्यावर शिक्षणतज्ज्ञ ग्रॅहम गिब्ज यांचं १९८८ सालचं चिंतनाचं चक्र दाखवलं. सहा टप्पे आहेत त्यात : काय घडलं, काय वाटलं, चांगलं-वाईट काय होतं, असं का झालं, यातून काय कळलं, पुढच्या वेळी काय करणार. चक्र उत्तम आहे. एखाद्या मोठ्या प्रसंगावर निवांत बसून विचार करायला मी ते आजही वापरीन. गोम अशी की वहीनं हे सहा टप्पे दर आठवड्याला, दर विषयासाठी भरायला दिलेत. सहा टप्पे, सहा चौकटी, प्रत्येक चौकटीत चार ओळी. चौकट दिसली की माणूस ती भरतो, विचार करो वा न करो. आम्हीही तेच केलं.

प्रशिक्षणाच्या शेवटी आमच्या ज्येष्ठ भाषाशिक्षिकेनं हात वर केला. “म्हणजे हे टाचणाला आणखी एक टाचण ना?” सगळे हसले, प्रशिक्षकही हसला, पण त्यानं उत्तर दिलं नाही. त्या बाई पुढे या लेखात पुन्हा येणार आहेत, म्हणून त्यांना इथंच ओळखून ठेवा.

पहिलं सत्र

पहिल्या सत्रात काय झालं ते सांगते, कारण बहुतेक शाळांत हेच होईल. वरून सूचना आली की वर्गशिक्षकांनी दर आठवड्याला हिरव्या वह्या तपासून सही करावी, आणि शिक्षकांच्या निळ्या वह्या महिन्यातून एकदा कार्यालयात जमा कराव्यात. संपलं. त्या क्षणी दोन्ही वह्या परीक्षेच्या पेपरासारख्या झाल्या.

मुलं हुशार असतात. सही करणाऱ्याला काय वाचायला आवडतं हे त्यांना पहिल्या पंधरवड्यात कळतं. ‘पुढच्या वेळी काय करशील?’ या चौकटीत एका आठवड्यात ४२पैकी ३१ वह्यांमध्ये एकच वाक्य होतं : ‘मी जास्त अभ्यास करीन.’ उरलेल्यांपैकी सहा जणांनी ‘मन लावून’ असं जोडलं होतं. एका मुलानं पुढच्या दहा आठवड्यांची ती चौकट एका बैठकीत भरून ठेवलेली मला सापडली. रागवायला गेले आणि थांबले, कारण माझी स्वतःची निळी वही त्या महिन्यात शेवटच्या शुक्रवारी, शेवटच्या तासाला, चार आठवड्यांच्या तारखा टाकून मी एका दमात उरकली होती. शाईसुद्धा एकच.

स्टाफरूममध्ये त्या शुक्रवारी आम्ही सातजणी खाली मान घालून हेच करत होतो. कुणी विचारत होतं, “अगं, मागच्या मंगळवारी मी काय शिकवलं होतं?” याला चिंतन म्हणायचं.

दुसरी एक गडबड वहीच्या सूचनांमध्येच आहे. पहिल्या पानावर छापलंय की पान त्याच दिवशी, तास संपायच्या आधी पाच मिनिटांत भरावं. ऐकायला बरोबर वाटतं, ताजं असताना लिहावं. पण तास संपताना फळ्यावर सोडवलेलं उदाहरण अजून समोर असतं, माझा आवाज कानात असतो, त्यामुळे प्रत्येकाला वाटतं आपल्याला आलं. नेल्सन आणि डन्लॉस्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९१ साली दाखवलं होतं की शब्दांच्या जोड्या पाठ केल्यावर ‘मला हे नंतर आठवेल का’ याचा अंदाज लगेच बांधला तर तो पुष्कळ चुकतो, आणि थोडा वेळ जाऊ देऊन बांधला तर बराच बरोबर येतो. शब्दांच्या जोड्या आणि बीजगणित यांत फरक आहे हे मान्य. तरी मी करून पाहिलं. शुक्रवारी शिकवलेल्या भागाचं ‘किती समजलं?’ हे शुक्रवारी न विचारता सोमवारी पहिल्या तासाला विचारलं, पुस्तक-वही बंद ठेवून. एरवी शुक्रवारी पाचपैकी पाच देणारी मुलं सोमवारी तीनवर आली. काही जण दोनवर. एक मुलगी म्हणाली, “बाई, शुक्रवारी येत होतं हो, खरंच.” मला ते पूर्ण पटलं. शुक्रवारी येतच होतं.

दुसऱ्या सत्रापासून मी छापील सूचना गुंडाळून ठेवली. पान सोमवारी. आणि सहा चौकटींऐवजी तीनच प्रश्न : काय झालं? त्याचं काय? आता काय? हे माझे नाहीत. टेरी बॉर्टन नावाच्या अमेरिकन शिक्षकानं १९७० साली हे तीन प्रश्न मांडले होते. तीन प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात मावतात आणि मुलांच्या लक्षात राहतात. सहा चौकटींवर मी पेन्सिलीनं तिरकी रेघ मारायला सांगितली. वही थोडी विद्रूप झाली, पण मुलांना आपल्या वहीत रेघ मारायला मिळाल्याचा भलताच आनंद झाला.

चाचणीनंतरचं पान

आता या संचातली सगळ्यात मोलाची गोष्ट. ती शेवटच्या पानांत दडवल्यासारखी आहे आणि प्रशिक्षणात तिच्यावर पाच मिनिटंही कुणी बोललं नाही. ‘चाचणीनंतरचं पान’, अशी सहा पानं. तपासलेला पेपर हातात आल्यावर भरायचं. अभ्यास कधी सुरू केलास, कसा केलास (वाचून, सोडवून, कुणाला समजावून), गुण कुठे गेले, का गेले, पुढच्या चाचणीआधी नेमकं काय बदलशील.

ही कल्पनाही जुनी-जाणती आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या मार्शा लोव्हेट यांनी २०१३ साली अशाच कागदाविषयी लिहिलं आहे. तिकडे त्याला ‘एक्झाम रॅपर’ म्हणतात, पेपराभोवतीचं वेष्टन. त्यातली खरी मेख अशी की भरलेला कागद शिक्षक गोळा करून ठेवतात आणि पुढच्या परीक्षेच्या तयारीच्या वेळी मुलांना परत देतात. तेव्हाच तो कामाचा. या वहीत ते पान बांधून टाकलंय. भरून झालं की मूल पान उलटतं आणि विषय संपतो, पुढच्या चाचणीला येरे माझ्या मागल्या. मी झेरॉक्स काढून सुट्या कागदांवर भरून घेतलं, स्वतःकडे ठेवलं आणि पुढच्या चाचणीच्या आठ दिवस आधी वाटलं. आपलंच अक्षर वाचताना मुलांचे चेहरे बघण्यासारखे होते.

‘कसा अभ्यास केलास’ या प्रश्नाला पहिल्या वेळी बहुतेकांचं उत्तर ‘वाचून’ आणि ‘महत्त्वाच्या ओळींवर रंग मारून’. गणिताला! डन्लॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली अभ्यासाच्या दहा पद्धती तपासून बघितल्या. त्यात पुन्हा पुन्हा वाचणं आणि ओळी रंगवणं यांना कमी उपयोगाच्या गटात टाकलं होतं, आणि स्वतःची परीक्षा घेणं व अभ्यास दिवसांवर पसरून करणं या दोन्हींना सर्वांत वरच्या. वहीत यातलं अक्षर नाही. वही विचारते ‘कसा केलास’ आणि गप्प बसते. मूल प्रामाणिकपणे ‘रंग मारून’ लिहितं, पुढच्या वेळी ‘आणखी रंग मारीन’ असं लिहितं, आणि वहीच्या दृष्टीनं त्याचं चिंतन पूर्ण झालेलं असतं. प्रश्न विचारून मोकळं व्हायचं आणि वाट दाखवायची नाही, हा या संचाचा सगळ्यात मोठा दोष मी मानते.

पण या पानानं मला जे दाखवलं त्यासाठी मी त्याला बरंच माफ करीन.

‘गुण का गेले?’ याखाली पाच पर्याय आहेत. संकल्पना कळली नव्हती, आकडेमोड चुकली, प्रश्न नीट वाचला नाही, वेळ पुरला नाही, निष्काळजीपणा. पहिल्या चाचणीनंतर ४२पैकी २९ जणांनी शेवटच्या पर्यायावर खूण केली. मुलांच्या भाषेत ‘सिली मिस्टेक’. हा शब्द मुलांना फार सोयीचा पडतो. त्यात अपमान नाही, काम नाही, आणि घरीही चालून जातो. ‘येत होतं, पण सिली मिस्टेक झाली.’

दुसऱ्या चाचणीला मी तो पर्याय सगळ्यांना पेनानं खोडायला लावला. आता उरलेल्या चारांतून निवडा, आणि निवडण्याआधी चुकलेल्या पायऱ्या एकाखाली एक उतरवून काढा, असं सांगितलं. वर्गात नापसंतीची कुजबुज झाली, मग शांतता.

दुसऱ्या बाकावर एक मुलगी बसते. कमी बोलणारी, अक्षर मोत्यासारखं. २०पैकी १३ गुण. तिनं तीन ओळी लिहिल्या आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मी जवळ गेले. तिच्या कागदावर हे होतं :

५ − २(क्ष − ३) = ५ − २क्ष − ६
−(अ − ४) = −अ − ४
३ − (२ब − १) = ३ − २ब − १

“बाई,” ती हळूच म्हणाली, “तिन्ही कंसच आहेत.”

तिन्ही कंसच होते. आणि तिन्हींत कंसाबाहेर वजा, कंसात वजा. म्हणजे कंस काढल्यावर दुसरं पद अधिक व्हायला हवं होतं. पहिल्या चाचणीतही तिचे दोन गुण याच जागी गेले होते आणि तिथं तिनं ‘निष्काळजीपणा’वर खूण केली होती. मी विचारलं, “इथं दुसऱ्या पदाला तू वजा का ठेवलंस?” तिनं जे उत्तर दिलं ते मी त्याच दिवशी लिहून ठेवलं. “बाहेरची वजा पहिल्याला लागली ना बाई. मग ती संपली. दुसऱ्याची वजा त्याची स्वतःची आहे.”

मग ती संपली! इतकी वर्षं शिकवतेय, पण वजाचं चिन्ह ‘वापरून संपतं’ असं एखाद्या मुलाच्या डोक्यात बसलं असेल, हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं. ती निष्काळजी अजिबात नव्हती. तिच्याकडे एक नियम होता, तो चुकीचा होता, आणि ती तो फार काळजीपूर्वक पाळत होती. त्या दिवशी घरी जाऊन मी बाकीचे ४१ पेपर पुन्हा काढले. आणखी १७ जणांच्या पेपरात हीच चूक, ह्याच जागी. वहीतल्या ‘निष्काळजीपणा’ या एका पर्यायानं ती सगळी झाकून टाकली होती.

निळी वही

मग मी माझी निळी वही उघडली. कंस शिकवले त्या आठवड्याचं पान. तिथं माझ्याच अक्षरात होतं : ‘कंस काढणे. तास छान झाला. मुलांचा प्रतिसाद उत्तम. ८ उदाहरणे सोडवली.’

ती आठ उदाहरणं टाचणात सापडली. सहांमध्ये कंसाबाहेर अधिक. सातव्यात बाहेर वजा, पण आत अधिक. बाहेर वजा आणि आत वजा असं एकच, आठवं, आणि मला आठवतंय की ते मी फळ्यावर लिहिलं तेव्हा घंटा होत होती. उत्तर मीच भराभरा लिहिलं आणि ‘कळलं ना?’ विचारलं. ‘हो’ आलं. तो ‘प्रतिसाद उत्तम’.

व्यावसायिक कसे शिकतात याचे अभ्यासक डोनाल्ड शॉन यांनी १९८३ साली काम करता करता होणारा विचार आणि काम झाल्यावरचा विचार असा फरक मांडला. मला त्या घंटेच्या क्षणी पहिल्या प्रकारचा सुचला नाही आणि शुक्रवारी दुसऱ्या प्रकारचा मी केला नाही. माझं ‘छान’ आणि तिचं ‘सिली मिस्टेक’, दोन्ही वह्यांत दोघींनी एकाच कारणासाठी लिहिलेलं होतं. वर कुणीतरी सही करणार होतं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात ते पान मोठ्यानं वाचून दाखवलं. आठ उदाहरणं फळ्यावर लिहिली, कुठलं किती वेळा आलं ते मुलांनाच मोजायला लावलं. क्षणभर कुणाला काय बोलावं कळेना. मग मागच्या बाकावरून तोच आवाज, बालवाडीवाला : “बाई, म्हणजे तुमचीपण सिली मिस्टेक?”

वर्गात हशा फुटला. मीही हसले. मग म्हटलं, “नाही. तो पर्याय आपण खोडलाय. दुसरा निवड.” त्यानं वही बघितली आणि गंभीरपणे म्हणाला, “वेळ पुरला नाही.” दुसऱ्यानं दुरुस्ती केली, “नाही रे, उदाहरणंच चुकीची निवडली. हा पर्याय वहीत नाहीये.” खरंच नाहीये. मी तो हातानं लिहिला.

त्या आठवड्यात आम्ही कंस पुन्हा केले. त्याच मुलीचा नियम फळ्यावर लिहून (तिला विचारून, नाव न घेता) तो कुठं मोडतो हे मुलांना शोधायला लावलं. तिच्या पहिल्या ओळीत क्षच्या जागी १० घाला, दोन्ही बाजू काढा. डावीकडे ५ − २ × ७, म्हणजे −९. उजवीकडे ५ − २० − ६, म्हणजे −२१. “बाई, मग संपत नाही ती!” हे कुणी ओरडलं ते बघितलं नाही.

यानंतर सगळ्या हिरव्या वह्या प्रामाणिक झाल्या असं सांगितलं तर ते खोटं होईल. दहाबारा झाल्या. बाकीच्या मुलांनी ‘जास्त अभ्यास करीन’चा रतीब चालू ठेवला. पण त्या दहाबारांत असं काही वाचायला मिळालं की तास कुठून सुरू करायचा ते मला कळायचं. एकानं लिहिलं होतं, ‘तुम्ही “सोपं आहे” म्हणता तेव्हा मी विचारायचं थांबतो.’ तेव्हापासून वर्गात तो शब्द आला की मी जीभ चावते.

दुसऱ्याचे डोळे

निळ्या वहीची आणखी एक उणीव. शिक्षकानं स्वतःकडे चार अंगांनी बघावं असं शिक्षणतज्ज्ञ स्टीव्हन ब्रुकफिल्ड यांनी १९९५ साली मांडलं : स्वतःचा अनुभव, विद्यार्थ्यांची नजर, सहकाऱ्यांची नजर आणि या विषयावरचं वाचन. निळ्या वहीत पहिलंच अंग आहे. मुखपृष्ठावर एकच डोळा का आहे ते तेव्हा मला उमगलं.

सहकाऱ्याची नजर मी उधार घेतली. त्याच भाषाशिक्षिकेला विचारलं, माझ्या तासाला मागे बसाल का, शेरा नको, फक्त घड्याळ बघा. मी प्रश्न विचारल्यापासून पुन्हा तोंड उघडेपर्यंत किती सेकंद जातात ते लिहा. हे मोजमाप विज्ञान-शिक्षणाच्या अमेरिकन संशोधक मेरी बड रो यांचं. १९७०च्या दशकात त्यांनी विज्ञानाच्या तासांचं ध्वनिमुद्रण ऐकून दाखवलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण एकच सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात, गप्प बसणाऱ्यांपैकीही काही बोलू लागतात.

मला खात्री होती की मी थांबते. पुष्कळ थांबते. बाईंनी तासानंतर चिठ्ठी हातात दिली. १४ प्रश्न. ९ वेळा दोन सेकंदांच्या आत मी स्वतःच उत्तर दिलं, नाहीतर प्रश्न बदलला. चिठ्ठीखाली त्यांच्या सुरेख अक्षरात एक ओळ : ‘दोन वेळा मला उत्तर येत होतं, पण तू बोलू दिलं नाहीस.’

वर्षभरात मला सगळ्यात जास्त शिकवलेली ती चिठ्ठी वहीबाहेरची आहे. नंतर मीही त्यांच्या तासाला बसले. कविता शिकवताना त्या कुणाकडे बघत नाहीत हे त्यांना ठाऊक नव्हतं. तीन आठवड्यांतून एकदा आम्ही अजूनही बसतो. कार्यालयाला सांगितलेलं नाही, कारण सांगितलं की त्याचा तक्ता येईल.

दुमडायचं पान आणि ॲप

एका गोष्टीबद्दल वही बनवणाऱ्यांवर मी रागावले आहे, गंमतीनं नाही. ‘तुला काय वाटलं?’ अशी चौकट या वयाच्या मुलांपुढे ठेवायची आणि त्यात मुलानं खरंच काही लिहिलं तर शिक्षकानं काय करायचं यावर शिक्षकांच्या वहीत एक ओळ नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलानं त्या चौकटीत गणिताशी संबंध नसलेलं, त्याच्या मनावरचं मोठं ओझं लिहिलं. ती वही त्या आठवड्यात माझ्या टेबलावर ४१ वह्यांच्या गठ्ठ्यात उघडी पडून होती. पुढचं मी लिहिणार नाही. त्याच्याशी बोलले, शाळेच्या समुपदेशकांपर्यंत गेलो, एवढं पुरे. पण त्या दिवसापासून वर्गात दोन नियम झाले. पानाचा खालचा तिसरा भाग ज्याला हवा त्यानं दुमडून स्टेपल करावा, तो मी उघडणार नाही. आणि कुणाच्या किंवा स्वतःच्या सुरक्षिततेबद्दल काही असेल आणि ते मला दिसलं, तर मी गप्प बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवलं. दोन्ही नियम वहीच्या पहिल्या पानावर छापलेले हवे होते. सही मी फक्त तारखेवर करते, मजकुरावर नाही.

आता ॲप. रात्री नऊला आठवण करून देतं, वहीतला फोटो काढून मजकूर चढवायचा आणि ते ‘चिंतनाची खोली’ म्हणून तारे देतं. दोन आठवड्यांत मुलांनी शोधून काढलं की तारे शब्दसंख्येवर मिळतात. एकानं पाठ्यपुस्तकातला उतारा चढवला आणि पाच तारे मिळवले. मी ॲप काढून टाकलं, तुम्ही मोबाइलवर घेऊच नका.

तर घ्यावी का?

निळी वही घेऊ नका. त्यापेक्षा साधी शंभर पानी वही, दर सोमवारी तीन प्रश्न, आणि एक सहकारी, जी मागे बसून तुमची चूक तुमच्या हातात देईल. हिरव्या वहीतली चाचणीनंतरची पानं मात्र खरंच कामाची आहेत. सुटी मिळत असतील तर नक्की घ्या, नसतील तर स्वतः बनवा, एका पानात होतात. पर्यायांमधून ‘निष्काळजीपणा’ काढून टाका आणि शेवटी एक कोरी ओळ ठेवा, मुलं ती भरतात. भरलेले कागद तुमच्याकडे ठेवा आणि पुढच्या चाचणीआधी परत द्या. पहिल्या चाचणीला काही होणार नाही, पहिले पाढे पंचावन्नच. दुसऱ्या-तिसऱ्यापासून फरक दिसायला लागतो. गुण, सही आणि कार्यालय यांपासून ती पानं जितकी लांब ठेवता येतील तितकी ठेवा. वरून सूचना आली तर मुख्याध्यापकांशी आधीच बोलून घ्या. आमच्याकडे दुसऱ्या सत्रात निळ्या वह्या दर महिन्याला जमा करणं बंद झालं, त्यासाठी माझी एका शाईतली चार पानं मीच त्यांच्यापुढे ठेवली होती.

पुढच्या वर्षाचं म्हणाल तर आमच्या शाळेनं पुन्हा मागणी नोंदवली आहे, ॲप वगळून. मी कंपनीला तीन गोष्टी लिहून पाठवल्या : चाचणीची पानं सुटी द्या, कागद जाड करा, चेहरे काढा. उत्तर आलं की चेहऱ्यांचा विचार करू. भाषाशिक्षिकांनी माझ्याकडून चाचणीच्या पानाची प्रत नेली आहे, निबंधासाठी त्या ते बदलतायत. परवा स्टाफरूममध्ये त्यांचा पहिला खर्डा बघितला. ‘गुण का गेले?’ याखाली त्यांनी सातवा पर्याय लिहिला होता : ‘बाईंनी विषयच असा दिला.’